उणे अडीच हजारांचा बॉयलर

माझ्या आत्याचा संसार खळीवरून मोडला. लोकांचे दारूवरून मोडतात, सासूवरून मोडतात, शेजारणीवरून मोडतात. हिचा मोडला तो चादरींना खळ कडक द्यायची की हलकी, यावरून. आत्याला चादर अशी लागायची की भिंतीला टेकवली तर पाहुण्यासारखी उभी राहावी. आतोबांचं म्हणणं, चादरीवर माणूस झोपतो, ती काही पाटी नव्हे खडूने लिहायला. लाँड्री दोघांनी मिळून काढलेली, आवाज दोघांचेही मोठे, आणि वाफेच्या फुसफुशीवर ओरडायची दोघांना सवय. एके दिवशी आतोबा कोट चढवून बाहेर पडले ते परत आलेच नाहीत. लांब गेले असते तरी बरं. पण ते रस्ता ओलांडून समोरच्या रिकाम्या गोदामात शिरले आणि थोड्याच दिवसांत तिथूनही वाफ निघायला लागली.

तेव्हापासून आत्याच्या तोंडी त्यांचा उल्लेख ‘समोरचा’ असाच. रस्त्याकडच्या खिडक्यांना तिने निम्म्या उंचीपर्यंत पांढरा रंग फासून घेतला. म्हणाली, ऊन डोळ्यांवर येतं. त्या खिडक्यांतून जन्मात कधी ऊन आलं नव्हतं.

मी आत्याच्या भावाची मुलगी. शिक्षण संपलं, लग्न जमेना, तेव्हा वडिलांनी मला आत्याकडे धाडलं. जिन्याखालच्या टेबलावर बसून मी आत आलेली गाठोडी, बाहेर गेलेली गाठोडी, कोळसा, साबण, पगार असं सगळं लिहायचे. ओल्या कापसाचा, सोड्याचा आणि तापलेल्या लोखंडाचा तो वास आजही कुठे आला की मी मागे वळून बघते, आत्या ओरडतेय का म्हणून. आता माझ्या वयात माझे बहुतेक खर्च स्थिर झालेत. बदलता तेवढा औषधांचा, आणि तोही एकाच दिशेने बदलतो. पण स्थिर नि बदलता हे शब्द तेव्हा आमच्या लाँड्रीत कोणाला ठाऊक नव्हते. ते पट्टी घेऊन आला.

पट्टी म्हणजे आत्याचा मुलगा, माझा आतेभाऊ. शाळेपासून त्याच्या खिशात लाकडी पट्टी असायची. भांडतानासुद्धा तो आधी कागदावर मुद्दे लिहायचा आणि महत्त्वाच्या मुद्द्याखाली रेघ मारायचा, तोवर भांडणारा मारून निघून गेलेला असायचा. दुसऱ्या शहरात हिशोबाचं शिक्षण घेऊन तो परत आला, बरोबर जाडजूड पुस्तक आणि डोळ्यांवर नवा चष्मा. राहायचा आईकडे, रविवारी जेवायचा बापाकडे, आणि एकीकडची गोष्ट दुसरीकडे कधी न्यायचा नाही. असं पोर दोन दुकानांत वाटून घेण्यासारखंच होतं.

तो आला त्याच आठवड्यात रुग्णालयाचा व्यवस्थापक येऊन गेला. पुढच्या वर्षीही गाठोड्याला बारा देऊ, म्हणाला, वर एक छदाम नाही. जमत असेल तर शुक्रवारपर्यंत सांगा, नाहीतर आम्ही आमची सोय बघतो.

रुग्णालयाचं काम म्हणजे आमचं जवळजवळ निम्मं काम. ते गेलं तर इस्त्रीच्या दालनातली निम्मी टेबलं रिकामी पडणार होती, आणि टेबल रिकामं पडलं की त्यामागची बाई घरी जाणार, हे सांगायला पुस्तक लागत नव्हतं. दालनाची मुख्य थोरली. तिला सगळे थोरलीच म्हणायचे, तिच्याहून मोठ्या होत्या त्यासुद्धा. तिच्या पगारावर घरात पाच तोंडं जगत होती. त्यातलं एक जावयाचं होतं आणि तेच सगळ्यांत मोठं.

“शिकून आलायस ना?” आत्या पट्टीला म्हणाली. “मग सांग, बारामध्ये आपल्याला परवडतं का?”

पट्टीने माझ्या वह्या घेतल्या, माझ्याच टेबलाच्या निम्म्या भागावर ठाण मांडलं आणि आम्हाला शिकवायला सुरुवात केली. थोरली पगाराचं विचारायला आली होती, तीही तिथेच उभी राहिली.

“काही खर्च कामाबरोबर वाढतो,” तो म्हणाला. “काही नुसतं दार उघडलं की लागतोच, काम असो वा नसो. पहिला बदलता, दुसरा स्थिर. पण कोळशासारख्या खर्चात दोन्ही मिसळलेले असतात. सकाळी बॉयलर पेटवला की पहिली वाफ यायलाच ढीगभर कोळसा जातो, मग तुम्ही एक रुमाल धुवा की शंभर चादरी. पुढचा कोळसा मात्र गाठोड्यागणिक.”

“म्हणजे जावयासारखंच,” थोरली म्हणाली. “आला की पाट-पाणी मांडावंच लागतं. मग रेटतो किती, ते वेगळं.”

“अगदी बरोबर, मावशी!” पट्टी खूश झाला. “आता ते दोन वेगळे कसे करायचे? वर्षातला सगळ्यांत जास्त कामाचा महिना घ्यायचा, सगळ्यांत कमी कामाचा घ्यायचा. गाठोड्यांतला फरक काढायचा, खर्चातला फरक काढायचा, आणि भागायचं.”

“मंदीचा महिना कुठला धरलास?” मी विचारलं.

त्याने सांगितला. मी आत्याकडे बघितलं. आत्या छताकडे बघत होती, जणू तिथे कोणी नवीन छत बसवून गेलं होतं.

“तेजीच्या महिन्यात पाचशे गाठोडी, पगार सोडून खर्च साडेपाच हजार,” पट्टी आकडे मांडू लागला. “मंदीच्या महिन्यात तीनशे गाठोडी, खर्च तेवीसशे. दोनशे गाठोड्यांचा फरक, बत्तीसशेचा फरक. गाठोड्यामागे सोळा. मिळतात बारा. म्हणजे प्रत्येक गाठोड्यामागे चार आपण रुग्णालयाला दान देतोय.”

“आणि ते दार उघडण्याचं?” मी विचारलं.

“तेही निघतं. पाचशे गाठोड्यांचे सोळाप्रमाणे आठ हजार. एकूण खर्चातून ते वजा केले की...” त्याने वजा केले. पुन्हा केले. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. “उणे अडीच हजार.”

“उणे म्हणजे?”

“म्हणजे शून्याच्या खाली.”

“अरे, म्हणजे आपण वर्षभर एक मोजाही धुतला नाही तर कोळसेवाला दर महिन्याला येऊन आपल्याला अडीच हजार देऊन जाणार?”

“ताई, रेघ शून्यापर्यंत ओढायची नसते, असं पुस्तकात...”

“राहू दे रे पुस्तक. बंदच करू या लाँड्री. घाम नाही, कटकट नाही, वर कोळसेवाला हात जोडून दारात.”

थोरली पदराआड हसली. एरवी पोराची फजिती झाली की पहिली आत्या हसायची. ती हसली नाही. उठली आणि म्हणाली, “बरोबर आहे त्याचं. सोळा लागत असतील तर बाराला कशाला धुवायचं? शुक्रवारी नाही म्हणून कळवू.”

थोरलीचं हसू पदराआडच विरलं.

आता मंदीच्या त्या महिन्यात काय झालं होतं ते सांगते, कारण ते लाँड्रीतल्या प्रत्येक बाईला ठाऊक होतं, नव्हतं ते एकट्या पट्टीला. तो तेव्हा शिकायला गेलेला. त्या महिन्यात आमचा बॉयलर फुटला. फुटला म्हणजे उडाला नाही, तळाला तडा गेला, पण दुरुस्तीला निम्मा महिना लागणार होता. मळक्या चादरींचे ढीग छताला टेकायला आले. आत्याने एक रात्र कळ काढली आणि पहाटे एकटीच मागच्या बोळाने गेली, रस्त्याला वळसा घालून, समोरच्याच्या मागच्या दाराशी. काय बोलणं झालं देव जाणे. पण त्या दिवसापासून बॉयलर दुरुस्त होईपर्यंत आमच्या बायका उजाडायच्या आत गाठोडी डोक्यावर घेऊन बोळातून तिकडे न्यायच्या आणि धुतलेली परत आणायच्या. इस्त्री आमच्याकडे. गिऱ्हाईकाला काही कळलं नाही. गाठोडी आमच्याच दारातून येत-जात होती, म्हणून ती माझ्या वहीत लागली. कोळसा मात्र जळत होता समोर. आतोबांनी त्याचं काही मागितलं नाही, म्हणून लिहायलाही काही नव्हतं. वहीत खोटं एक अक्षर नव्हतं. फक्त त्या महिन्यात आमच्या लाँड्रीने निम्मं काम हवेवर केलं होतं.

आणि आत्याने सगळ्या बायकांना रांगेत उभं करून बजावलं होतं, “हे ज्या बाईच्या तोंडून बाहेर पडेल, तिच्या जिभेची मी चौपदरी घडी घालीन.” घालायलाही कमी केलं नसतं तिने.

त्या दुपारी वाळवणाच्या दोऱ्यांमध्ये मी तिला गाठलं. दोन ओल्या चादरींच्या मध्ये आम्ही दोघी उभ्या, बाहेरून फक्त चार पाय दिसत असतील.

“आत्या, सोळा खोटे आहेत. तुला माहितीय.”

“मला काही माहीत नाही. मी शिकलेली नाही.”

“निम्म्या बायका घरी जातील.”

“दुसरं काम बघू.”

“कुठलं? सांग ना. एका वाक्याचं काम आहे गं. पट्टी तुझाच मुलगा आहे.”

“माझा आहे तसा त्याचाही आहे,” ती म्हणाली. “इतकी वर्षं मी या पोराला सांगत आले, त्या माणसावाचून माझं पान अडत नाही. आता सांगू, की अडलं? आणि त्याने काही न मागता सोडवलं? मग इतकी वर्षं मी काय केलं, खिडक्या रंगवल्या?”

ती चादर बाजूला सारून निघून गेली.

पण पट्टीच्या घशात ते उणे अडीच हजार अडकले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी तो डोळे चोळत दालनात आला आणि म्हणाला, “दोनच महिन्यांवर विसंबायचं नसतं. पुस्तकात पुढे दिलंय, मी आधी वाचलं नव्हतं. सगळे महिने मांडून बघू या.” मला त्याचं हेच आवडायचं. आपल्या आकड्यावर त्याचं प्रेम बसायचं नाही.

इस्त्रीच्या सगळ्यांत मोठ्या टेबलावर त्याने फाटकी चादर ताणली. निळ्या खडूने एक आडवी रेघ, एक उभी. आडवीवर गाठोडी, उभीवर खर्च. यंत्रात तुटून पडलेल्या बटणांची आमच्याकडे भलीमोठी बरणी होती, त्यातली बटणं घेऊन तो महिन्याला एक बटण ठेवत गेला. शर्टाची पांढरी बटणं, एक पाळण्यातल्या बाळाचं टिकलीएवढं, आणि हाताला लागलं म्हणून ओव्हरकोटाचं एक काळं, बशीएवढं. बायका इस्त्र्या उभ्या करून भोवती जमल्या. मी वही वाचत होते, तो मांडत होता.

बटणं तिरकी वर चढत गेली, प्रार्थनेला निघालेल्या पोरांसारखी, थोडी इकडे थोडी तिकडे, पण रांगेत. काळं तेवढं रांग सोडून खाली लोळत होतं. मंदीचा महिना.

“ते काळं उचल की बाबा,” थोरली म्हणाली. “बाकी सगळी शहाण्यासारखी चाललीत.”

“असं उचलता येत नाही, मावशी. न आवडलेले महिने उचलायला लागलो तर वर्षात उरेल कोण? कारण पाहिजे.” तो माझ्याकडे वळला. “त्या महिन्यात कोळसा स्वस्त झाला होता?”

“नाही.”

“जुना साठा होता?”

“नाही.”

“कोणी फुकट दिला?”

बायकांपैकी कोणाला तरी ठसका लागला. मी म्हटलं, “कोळसा कोण फुकट देतं रे?”

“मग एकच उरतं. लिहिताना चूक झाली.” त्याने चष्मा काढला. चष्मा काढला की तो अगदी दहा वर्षांचा दिसायचा. “तायडे, मी रागावणार नाही. आकडा गाळला असशील तर तसं सांग. तो महिना मी काढून टाकतो, रेघ पुन्हा मारतो. कदाचित रुग्णालयाचं काम राहीलही.”

सगळ्या बायका माझ्याकडे बघत होत्या. थोरलीचे डोळे म्हणत होते, बोल ना गं बये, एवढ्याने तुझं काय झिजतंय? खरंच काही झिजत नव्हतं. आत्याचं गुपित आत्याकडे, बायकांची टेबलं बायकांकडे, आणि मला काय, विसराळू म्हणून आणखी एक नाव पडलं असतं. लग्न तसंही जमत नव्हतं.

“असेल बाई,” मी म्हटलं. “गडबडीत एखादं पान लिहायचं राहिलं असेल. माझीच चूक.”

“काय राहिलं?”

आत्या दारात उभी होती. कधीपासून, कोणालाच माहीत नव्हतं.

“काही नाही, आई. वहीत चूक सापडली, म्हणजे प्रश्नच...”

“माझ्या वहीत?” ती टेबलापाशी आली तशा बायका दोन पावलं मागे सरल्या. “ही पोरगी काय लिहिते ते रोज दिवेलागणीला मी ओळ न ओळ तपासते. या लाँड्रीत बटणं हरवतात. मोजे हरवतात. एकदा एका वकिलाचा अख्खा कोट हरवला, आत वकील नव्हता म्हणून बरं. पण आकडा? माझ्या लाँड्रीत आकडा आजवर हरवलेला नाही!”

“आत्या, जाऊ दे ना...” मी तिचा हात धरला.

“का जाऊ दे? उद्या सगळं गाव म्हणेल, हिला वही ठेवता येत नाही.”

“मग आई,” पट्टी शांतपणे म्हणाला, “त्या महिन्याचा कोळसा गेला कुठे?”

आत्याने तोंड उघडलं आणि तशीच थांबली. आपण स्वतःच्या पायाने कुठे येऊन उभ्या राहिलो, ते तिला तेव्हा कळलं. एकीकडे समोरचा, एकीकडे वही. तिच्या चेहऱ्यावर ते दोन्ही मला अगदी स्वच्छ दिसले.

“समोर जळला,” ती म्हणाली.

“समोर?”

“तुझ्या बापाच्या बॉयलरमध्ये. आपला फुटला होता. दुरुस्त होईपर्यंत चादरी त्याने धुतल्या. झालं? मिळालं कारण?”

पट्टी मागच्या गाठोड्यावर बसला. बसला म्हणजे पडलाच. “बाबांनी? आणि पैसे किती घेतले?”

“त्याने सांगितले नाहीत. मी विचारले नाहीत. विचारलं असतं तर बोलत बसावं लागलं असतं.”

“सुट्टीत मी दर रविवारी त्यांच्याकडे जेवत होतो. एक अक्षर बोलले नाहीत.”

“तेवढा एक गुण आहे त्याच्यात,” आत्या म्हणाली.

पट्टीने चष्मा पुसायला घेतला आणि तो बराच वेळ पुसत राहिला. बायकांना एकदम कामं आठवली. थोरली एकाच उशीच्या अभ्र्यावर इस्त्री फिरवत राहिली, करपल्याचा वास यायला लागला तरी.

“उचल आता ते काळं,” आत्या शेवटी म्हणाली.

“नाही.”

“आता काय? कारण हवं होतं ना?”

“कारण कळलं म्हणूनच उचलायचं नाही. दुरुस्त करायचं. आपल्यासाठी तिकडे किती खर्च झाला ते कळलं, की बटण आपल्या जागी जाईल.”

“धर काहीतरी अंदाजाने.”

“आई, माणूस रस्त्यापलीकडे उभा असताना अंदाज कशाला?”

“मग रविवारी विचार.”

“शुक्रवारी उत्तर द्यायचंय. आणि लाँड्री तुझी आहे. विचारायचं तू.”

आत्याने त्याच्याकडे असं बघितलं की दुसरा कोणी असता तर त्याला खळच चढली असती. तो बसल्या जागेवरून हलला नाही. मग तिने कमरेचा एप्रन सोडला, माझ्या हातात कोंबला आणि निघाली. मागच्या बोळाने नाही. भर दुपारी, पुढच्या दाराने.

खिडक्यांना निम्म्यापर्यंत रंग असल्यामुळे आम्हाला टेबलांवर चढावं लागलं. एवढ्या बायका इस्त्रीच्या टेबलांवर उभ्या, पाय सांभाळत, गरम इस्त्र्यांच्या मधून. रस्त्यापलीकडे आतोबा बाह्या सारून दारात आले. ती पायरीच्या खाली, ते पायरीच्या वर. तोंडं हलत होती.

“ऐकू येतंय का काही?” मागून कोणी विचारलं.

“छे. ओरडतच नाहीयेत,” थोरली काळजीने म्हणाली. “काहीतरी भलतंच झालंय.”

आतोबा आत गेले, बऱ्याच वेळाने बाहेर आले, काहीतरी बोलले. आत्या वळली तशा आम्ही धडाधड खाली उतरलो.

“अठराशे चाळीस,” ती आत येत म्हणाली. “कोळसा, साबण, पाणी धरून. साबण तो ढिगाने घालतो, त्यातले चाळीस तेच.”

पट्टीने तेवीसशेत अठराशे चाळीस मिळवले आणि काळं बटण बोटाने वर सरकवत नेलं. ते रांगेत जाऊन बसलं, किंचित वर, साबणाएवढं. त्याने पट्टी टेकवून रेघ ओढली. गाठोड्यामागे सात. दार उघडण्याचे दोन हजार, आणि ते रुग्णालय असो वा नसो, जाणारच. बारातून सात गेले, पाच उरले. त्या पाचांतून पगार निघत होते.

“म्हणजे आम्ही राहिलो?” थोरलीने विचारलं.

“राहिलात,” पट्टी म्हणाला. “रुग्णालयाचं काम गेलं असतं, तर त्या पाचांच्या जागी काही आलं नसतं.”

थोरलीने करपलेला अभ्रा घडी करून पोटाशी धरला, आणि मग आत्या बघतेय हे लक्षात आल्यावर गुपचूप खाली ठेवला. शुक्रवारी रुग्णालयाला होकार गेला.

ते दोघं पुन्हा एकत्र राहायला आले, असं तुम्हाला वाटत असेल तर विसरा. दोन्ही लाँड्र्या दोन्हीकडे वर्षानुवर्षं धुसफुसत राहिल्या. पण त्या वर्षीच्या अंदाजपत्रकात पट्टीने एक नवं कलम घातलं, ‘बॉयलर बिघडल्यास’, आणि आईला विचारलं, किती धरू? ती म्हणाली, “मी कसं सांगू? या खेपेला फुकट करणार नाही म्हणालाय. तो म्हणेल ते.” म्हणून पट्टीने आकड्याच्या जागी सरळ लिहून टाकलं: ‘बाबांशी बोलून’. पुढच्या वर्षीही तेच लिहिलं, त्याच्या पुढच्याही. आणि दर वर्षी अंदाजपत्रकाच्या दिवसांत आत्याला पुढच्या दाराने पलीकडे जावं लागायचं, बॉयलर धडधाकट असला तरी. जाताना ती केस नीट करायची. आम्ही टेबलांवर चढायचो.

एकदा बँकेचा माणूस कागद बघायला आला होता. त्या ओळीवर बोट ठेवून त्याने विचारलं, “हा खर्च नक्की कसला आहे, बाई? स्थिर की बदलता?”

आत्याने क्षणभर विचार केला.

“ते समोरच्याला कुठे ठाऊक आहे अजून,” ती म्हणाली, आणि बँकेच्या माणसाला चहा मागवला.